जपानी पोकेमॉन कार्डांचे पुनर्मुद्रित संच : ‘हाय क्लास पॅक’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकेमॉन कार्ड गेमच्या जपानी आवृत्तीत दरवर्षी साधारण वर्षअखेरीस एक मोठा संच निघतो आणि त्यातील बहुतांश कार्डे आधीच्या संचांत येऊन गेलेली असतात. या संचांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांसाठी प्रामुख्याने डिसेंबर २०२२ मधील ‘व्हीस्टार युनिव्हर्स’ हा संच घेतला आहे, कारण सर्वाधिक शंका त्याच्याविषयीच येतात. प्राथमिक प्रश्न आधी आणि नियमांतील अपवाद शेवटी आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे येत असेल, तर तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हाय क्लास पॅक म्हणजे नेमके काय?

जपानमध्ये पोकेमॉन कार्डांचे नेहमीचे संच ठरावीक अंतराने येत राहतात आणि प्रत्येक संचात नवी कार्डे असतात. हाय क्लास पॅक हा त्याहून वेगळा प्रकार आहे. गेल्या वर्षभरातील, कधी त्याही आधीच्या संचांतील, खेळात उपयोगी ठरलेली आणि लोकप्रिय झालेली कार्डे त्यात निवडून पुन्हा छापली जातात, आणि त्यांच्या जोडीला त्याच कार्डांच्या नव्या चित्रांच्या आवृत्त्या दिल्या जातात. पॅक महाग असतो, पण त्यात कार्डे जास्त असतात आणि चमकदार कार्ड मिळण्याची खात्रीही अधिक असते. नव्याने खेळू लागलेल्याला एका बॉक्समधून कामाची बरीच कार्डे मिळावीत आणि जुन्या संग्राहकालाही घेण्याजोगे काही असावे, असा या संचाचा दुहेरी उद्देश आहे.

२. सगळी कार्डे आधी येऊन गेलेली असतील, तर हा संच कोणी आणि का घ्यावा?

सगळी कार्डे जुनी नसतात. मुख्य क्रमांकांतील बहुतेक कार्डे पुनर्मुद्रित असतात, परंतु विशेष चित्रांची कार्डे या संचासाठी नव्याने काढलेली असतात, आणि काही संचांत पूर्णपणे नवी कार्डेही आलेली आहेत. ‘व्हीस्टार युनिव्हर्स’मध्ये तर आर्ट रेअर आणि स्पेशल आर्ट रेअर हे दोन दुर्मीळता-वर्ग जपानी आवृत्तीत प्रथमच आले. या कार्डांवर चित्र चौकटीत मावत नाही, ते कडेपर्यंत पसरलेले असते, आणि पोकेमॉन लढण्याच्या पवित्र्यात नसून आपल्या परिसरात वावरताना दिसतो. पुढे हेच वर्ग नेहमीच्या संचांतही रूढ झाले.

खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर पुनर्मुद्रण ही या खेळाची गरजच आहे. ‘नेस्ट बॉल’, ‘अल्ट्रा बॉल’, ‘बॉसेस ऑर्डर्स’ यांसारखी कार्डे जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये (खेळायला घेतलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) लागत आली आहेत. ती एकदाच छापून थांबले असते, तर नव्या मुलाला डेक जमवणेच अशक्य झाले असते. पुनर्मुद्रित कार्डाला दुय्यम समजण्याची सवय संग्राहकांकडून आलेली आहे आणि खेळणाऱ्यांनी ती उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. आतापर्यंत असे कोणकोणते संच निघाले आहेत?

२०१७ मध्ये ‘द बेस्ट ऑफ एक्सवाय’ आणि ‘जीएक्स बॅटल बूस्ट’, २०१८ मध्ये ‘जीएक्स अल्ट्रा शायनी’, २०१९ मध्ये ‘टॅग ऑल स्टार्स’, २०२० मध्ये ‘शायनी स्टार व्ही’, २०२१ मध्ये ‘व्हीमॅक्स क्लायमॅक्स’, २०२२ मध्ये ‘व्हीस्टार युनिव्हर्स’, २०२३ मध्ये ‘शायनी ट्रेझर ईएक्स’, २०२४ मध्ये ‘टेरास्टल फेस्टिव्हल ईएक्स’ आणि २०२५ मध्ये ‘मेगा ड्रीम ईएक्स’ असा क्रम आहे. ज्या नावांत ‘शायनी’ हा शब्द आहे, त्या संचांत वेगळ्या रंगाच्या पोकेमॉनची कार्डे मोठ्या संख्येने असतात. इतर संचांचा भर चित्रांवर किंवा त्या वर्षी गाजलेल्या कार्ड-प्रकारावर असतो. २०२३ चा ‘पोकेमॉन कार्ड १५१’ हा संच अनेकजण याच यादीत धरतात, पण त्यात पहिल्या १५१ पोकेमॉनची नवी कार्डे होती आणि तो हाय क्लास पॅक नव्हता.

४. एका पॅकमध्ये किती कार्डे असतात आणि एक बॉक्स घेतल्यास हाती काय लागते?

‘व्हीस्टार युनिव्हर्स’च्या पॅकमध्ये १० कार्डे आणि बॉक्समध्ये १० पॅक होते, म्हणजे एका बॉक्समध्ये १०० कार्डे. जपानमधील छापील किंमत करासह पॅकला ५५० येन होती. त्या काळच्या नेहमीच्या संचाच्या पॅकमध्ये ५ कार्डे आणि बॉक्समध्ये ३० पॅक असत. त्यामुळे हाय क्लास बॉक्समध्ये कार्डांची एकूण संख्या कमीच भरते, पण प्रत्येक पॅकमध्ये किमान एक डबल रेअर (दुर्मीळतेचा एक वर्ग) किंवा त्याहून वरच्या वर्गाचे कार्ड मिळते, आणि हाच खरा फरक आहे.

बॉक्समागे सुपर रेअर (डबल रेअरच्याही वरचा वर्ग) किंवा त्याहून वरच्या वर्गाचे एक तरी कार्ड मिळते, असा बॉक्स उघडणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. मात्र ते कोणते असेल याचा कोणताही भरवसा नसतो. एखादे ठरावीक कार्डच हवे असेल, तर बॉक्समागून बॉक्स उघडण्यापेक्षा ते एकटे कार्ड विकत घेणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. पॅक उघडण्याचा आनंद खरा आहे आणि त्यासाठी खर्च करण्यात काही वावगे नाही, परंतु तो खर्च आनंदाच्या खात्यात लिहावा, संग्रह पूर्ण करण्याच्या खात्यात नव्हे.

५. माझ्या कार्डावर ‘२६१/१७२’ असा क्रमांक आहे. १७२ कार्डांच्या संचात २६१ वे कार्ड कसे असेल? ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. तिरप्या रेषेनंतरची संख्या संचातील मुख्य कार्डांची असते आणि विशेष चित्रांची कार्डे त्या संख्येच्या पुढे क्रमांकित केली जातात. ‘व्हीस्टार युनिव्हर्स’मध्ये मुख्य कार्डे १७२ आहेत आणि विशेष कार्डे धरून क्रमांक २६२ पर्यंत जातात. तुमच्याकडील २६१ क्रमांकाचे कार्ड म्हणजे सोनेरी ‘गिराटिना व्हीस्टार’ आहे. त्याच्या पुढचे, शेवटचे कार्ड ‘आर्सिअस व्हीस्टार’ आहे. ‘शायनी ट्रेझर ईएक्स’मध्ये मुख्य कार्डे १९० आणि अखेरचा क्रमांक ३६० आहे. म्हणजे त्या संचात जवळजवळ निम्मी कार्डे मुख्य यादीबाहेरची आहेत.

कार्डाचा खालचा डावा कोपरा नीट पाहिला, तर बहुतेक शंका तिथल्या तिथे मिटतात. त्या बारीक ओळीत आधी चौकटीतले एक अक्षर असते, ते रेग्युलेशन मार्क, म्हणजे स्पर्धेत कार्ड चालते का हे ज्यावरून ठरते ते अक्षर. त्याला लागून संचाचे चिन्ह असते, या संचासाठी ‘एस१२ए’. मग क्रमांक आणि शेवटी दुर्मीळतेची अक्षरे. त्याच परिसरात चित्रकाराचे नाव आणि हक्काची वर्षेही असतात. अक्षरे फारच बारीक असल्यामुळे मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचावीत.

६. माझ्याकडचे कार्ड मूळ छपाईचे आहे की पुनर्मुद्रित, हे कसे ओळखावे?

चित्रावरून ठरवू नये, कारण मुख्य यादीतील पुनर्मुद्रित कार्डांवर बहुधा मूळ चित्रच असते. ‘गिराटिना व्हीस्टार’ जुलै २०२२ मध्ये ‘लॉस्ट अबिस’ या संचात प्रथम आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘व्हीस्टार युनिव्हर्स’मध्ये पुन्हा आले, दोन्हींच्या साध्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर वरवर पाहता फरक कळत नाही. फरक असतो तो संचाच्या चिन्हात आणि क्रमांकात, म्हणजे मागील उत्तरात सांगितलेल्या कोपऱ्यातच. विकत घेताना विक्रेत्याकडून त्या कोपऱ्याचा स्वच्छ फोटो मागावा. मूळ छपाई म्हणून पुनर्मुद्रित कार्ड गळ्यात पडण्याचे प्रकार बहुतेक वेळा या एका फोटोने टळतात.

७. संच संपल्यावर काही महिन्यांनी तोच बॉक्स पुन्हा दुकानात दिसला. मग त्या कार्डांनाही पुनर्मुद्रित म्हणायचे का?

नाही. एकाच संचाचा नवा साठा छापून बाजारात आणणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात संचाचे चिन्ह, क्रमांक आणि चित्र सगळे तेच राहते, आणि पहिल्या खेपेचे कार्ड कोणते व नंतरच्या खेपेचे कोणते हे ओळखण्याची कोणतीही खूण आजच्या जपानी कार्डांवर नसते. पूर्वी तशी खूण होती: जपानी कार्डांवर ‘फर्स्ट एडिशन’चे छोटे चिन्ह छापले जाई, आणि २०१६ पर्यंतच्या संचांत ते आढळते. आजच्या संचांच्या बाबतीत मात्र कोणी पहिल्या खेपेचे कार्ड म्हणून जादा पैसे मागत असेल, तर त्याला आधार नाही.

८. हाय क्लास पॅक आला की जुन्या कार्डाची किंमत पडते का?

कार्डाला मागणी कशामुळे आहे, यावर ते अवलंबून असते. केवळ खेळात लागते म्हणून महाग झालेल्या कार्डाची किंमत पुनर्मुद्रणानंतर सहसा उतरते, कारण खेळणाऱ्याला कोणतीही छपाई चालते. याउलट चित्रासाठी जमवल्या जाणाऱ्या विशेष आवृत्तीवर पुनर्मुद्रणाचा परिणाम कमी होतो, कारण ती आवृत्ती तशीच पुन्हा छापली जात नाही. त्याच पोकेमॉनचे दुसरे चित्र येते आणि पहिले चित्र हवे असणारा पहिल्याच्याच शोधात राहतो.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डेक जमवत असाल आणि घाई नसेल, तर महाग झालेली सामान्य ट्रेनर कार्डे (पोकेमॉन किंवा एनर्जी नसलेली, मदतीची कार्डे) घेण्याआधी वर्षअखेरीच्या संचाची यादी जाहीर होईपर्यंत थांबावे. गुंतवणूक म्हणून बंद बॉक्स घेऊन ठेवण्याविषयी अनेकजण विचारतात. त्यावर मी सल्ला देत नाही, कारण कंपनी मागणी पाहून संच पुन्हा छापते आणि किती छापणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

९. हाच संच इंग्रजीत मिळतो का?

तंतोतंत तोच संच मिळत नाही, पण जवळचा संच बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो. ‘जीएक्स अल्ट्रा शायनी’वरून २०१९ मध्ये ‘हिडन फेट्स’, ‘शायनी स्टार व्ही’वरून २०२१ मध्ये ‘शायनिंग फेट्स’, ‘व्हीस्टार युनिव्हर्स’वरून जानेवारी २०२३ मध्ये ‘क्राउन झेनिथ’, ‘शायनी ट्रेझर ईएक्स’वरून जानेवारी २०२४ मध्ये ‘पाल्डियन फेट्स’ आणि ‘टेरास्टल फेस्टिव्हल ईएक्स’वरून जानेवारी २०२५ मध्ये ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ असे इंग्रजी संच आले.

इंग्रजी संचात कार्डांची निवड आणि क्रमांक दोन्ही बदलतात. जपानी संचातील विशेष चित्रांची बरीच कार्डे ‘क्राउन झेनिथ’मध्ये ‘गॅलेरियन गॅलरी’ या ७० कार्डांच्या उपसंचात आली, आणि प्रश्न ५ मधले सोनेरी ‘गिराटिना व्हीस्टार’ तेथे ‘जीजी६९’ या क्रमांकाने सापडते. ‘व्हीमॅक्स क्लायमॅक्स’चे तर वेगळेच झाले: त्याच्यासाठी स्वतंत्र इंग्रजी संच निघालाच नाही, आणि त्यातील पोकेमॉन-प्रशिक्षक जोड्यांची चित्रे २०२२ च्या ‘ब्रिलियंट स्टार्स’ या नेहमीच्या इंग्रजी संचापासून ‘ट्रेनर गॅलरी’ या विभागात आली. म्हणून इंग्रजी आवृत्ती शोधताना संचाचे नाव न धरता कार्डाचे नाव आणि चित्र धरून शोधावे.

१०. ‘गॉड पॅक’ खरोखर असतो का?

असतो. ज्या पॅकमध्ये जवळजवळ सर्वच कार्डे विशेष चित्रांची निघतात, त्याला संग्राहक हे नाव देतात, आणि अलीकडच्या हाय क्लास संचांत असे पॅक निघालेले आहेत. त्यांचे प्रमाण कंपनीने जाहीर केलेले नाही. त्यामुळे अमुक बॉक्समध्ये गॉड पॅक आहे असे सांगून जादा किंमत मागणाऱ्याकडून काहीही घेऊ नये: बॉक्स खरोखरच बंद असेल, तर आत काय आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि कळले असेल, तर बॉक्स बंद राहिलेला नाही.

११. एकाच नावाचे जुने कार्ड आणि पुनर्मुद्रित कार्ड माझ्याकडे आहे. डेकमध्ये दोन्ही मिळून किती ठेवता येतील?

डेक ६० कार्डांचा असतो आणि साधी एनर्जी कार्डे (हल्ल्यांसाठी लागणारी ऊर्जा देणारी) वगळता एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डे त्यात ठेवता येतात. ही मर्यादा नावावर आहे. चित्र, संच, भाषा किंवा दुर्मीळता यांवर नाही. दोन मूळ छपाईची ‘नेस्ट बॉल’ आणि दोन पुनर्मुद्रित ‘नेस्ट बॉल’ झाली की मर्यादा संपली. मात्र ‘पिकाचू’ आणि ‘पिकाचू व्ही’ ही दोन वेगळी नावे आहेत, त्यामुळे प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र असते.

येथे एक अपवाद नेहमी गोंधळात टाकतो. ‘प्रोफेसर्स रिसर्च’ आणि ‘बॉसेस ऑर्डर्स’ या कार्डांच्या नावापुढे कंसात एखाद्या व्यक्तीचे नाव असते आणि वेगवेगळ्या छपायांत ती व्यक्ती वेगळी असते: कधी जिओव्हानी, कधी सायरस, कधी गेत्सिस. कंसातील नाव कार्डाच्या नावाचा भाग धरला जात नाही. म्हणून जिओव्हानीची चार आणि सायरसची चार अशी आठ ‘बॉसेस ऑर्डर्स’ एका डेकमध्ये ठेवता येत नाहीत. सगळी मिळून चारच चालतात. पुनर्मुद्रित संचांतून ही कार्डे नव्या चेहऱ्यासह वारंवार येत असल्यामुळे डेकची यादी लिहिताना हे विशेष तपासावे.

‘रेडियंट पोकेमॉन’ या खास कार्डवर्गाच्या बाबतीत मर्यादा आणखी कडक आहे. नावे वेगळी असली तरी संपूर्ण डेकमध्ये रेडियंट वर्गाचे एकच कार्ड ठेवता येते.

१२. माझ्या जुन्या कार्डावरचे रेग्युलेशन मार्क आता बाद झाले आहे. तेच कार्ड नव्या संचात पुन्हा छापले गेले, तर जुने कार्ड वापरता येते का?

बहुतेक वेळा येते. स्टँडर्ड या स्पर्धांच्या नेहमीच्या प्रकारात ठरावीक अक्षरांची कार्डेच चालतात आणि दरवर्षी सर्वांत जुने अक्षर बाद होते. ‘सोर्ड अँड शील्ड’ (तलवार-ढाल) मालिकेच्या सुरुवातीच्या कार्डांवर डी, २०२२ च्या कार्डांवर एफ, २०२३ च्या कार्डांवर जी, २०२४ च्या कार्डांवर एच असा क्रम आहे. परंतु तेच कार्ड चालू अक्षरासह पुन्हा छापले गेले असेल, तर त्याची जुनी छपाईही चालते. ‘अल्ट्रा बॉल’ हे याचे ठळक उदाहरण आहे: ते वेगवेगळ्या मालिकांत छापले गेले आहे, आणि त्याची चालू अक्षराची छपाई असेपर्यंत वहीत पडून असलेले जुने ‘अल्ट्रा बॉल’ही डेकमध्ये घालता येते.

हा नियम पोकेमॉनच्या कार्डांना लावताना सावध राहावे. ट्रेनर कार्डांत नाव तेच असले की परिणामही तोच असतो, असे बहुधा धरता येते. पोकेमॉनच्या कार्डांत तसे नसते. ‘पिकाचू’ नावाची कितीतरी कार्डे आहेत आणि प्रत्येकाचे एचपी (किती मार सोसता येतो तो आकडा) व हल्ले वेगळे आहेत. चालू संचात एखादे ‘पिकाचू’ आहे म्हणून सगळी जुनी ‘पिकाचू’ कार्डे वैध होत नाहीत. नाव, एचपी, हल्ले आणि क्षमता हे सगळे जुळले, तरच ते पुनर्मुद्रण धरले जाते. चारच्या मर्यादेसाठी मात्र ती सगळी एकाच नावाची मोजली जातात, हे प्रश्न ११ मध्ये आले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जपानमध्ये अक्षर बाद होण्याची वेळ अलीकडच्या वर्षांत जानेवारीत येते, म्हणजे हाय क्लास पॅक बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच. वर्षअखेरीच्या संचात आले म्हणून कार्ड पुढे वर्षानुवर्षे चालेल, असे गृहीत धरू नये. प्रत्येक कार्डावरचे अक्षर स्वतंत्रपणे पाहावे.

१३. जुन्या छपाईवरचा मजकूर आणि नव्या छपाईवरचा मजकूर वेगळा आहे. खेळताना कोणता मानायचा?

नवा मजकूर मानायचा, हातातले कार्ड कितीही जुने असले तरी. ‘पोकेमॉन कॅचर’ २०११ मध्ये आले तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा बाकावरचा पोकेमॉन पुढे ओढण्यासाठी नाणेफेक लागत नव्हती. ते इतके प्रभावी ठरले की २०१३ मध्ये त्याचा मजकूर बदलून नाणेफेकीची अट घालण्यात आली. आज २०११ चे कार्ड वापरले तरी नाणे फेकावेच लागते. ‘रेअर कँडी’चेही असेच आहे. पोकेमॉनला वाढीच्या पुढच्या टप्प्यावर नेणारे हे कार्ड; जुन्या मजकुराने पोकेमॉन खेळात आणल्याच फेरीत वाढवता येत असे आणि पहिल्या टप्प्यावरही नेता येत असे. आता मूळ पोकेमॉन थेट दुसऱ्या टप्प्यावरच जातो, आणि आपल्या पहिल्या फेरीत किंवा तो पोकेमॉन नुकताच खाली ठेवलेला असताना हे कार्ड वापरता येत नाही.

घरी मित्रांमध्ये खेळतानाही सुरुवातीलाच हे ठरवून घ्यावे. दोघांच्या हातांत एकाच कार्डाच्या दोन काळांतल्या छपाया आल्या की डाव अडतो, तो बहुधा येथेच.

१४. भारतातील अधिकृत स्पर्धेत जपानी कार्डे चालतात का?

चालत नाहीत असेच धरून तयारी करावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जपानी भाषेतील कार्डे जपानबाहेरच्या अधिकृत स्पर्धांत स्वीकारली जात नाहीत, आणि जपानी कार्डांची पाठही इंग्रजी कार्डांच्या पाठीपेक्षा वेगळ्या नक्षीची असते. दुकानात किंवा क्लबमध्ये होणाऱ्या मैत्रीपूर्ण सामन्यांत आयोजक सवलत देऊ शकतात, पण ते आधी विचारून घ्यावे. घरी मात्र अपारदर्शक स्लीव्ह (कार्डाची प्लॅस्टिकची पाकिटे) घातल्या की पाठीचा प्रश्न उरत नाही. मजकुरासाठी त्या कार्डाच्या इंग्रजी आवृत्तीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. आवृत्ती कशी शोधावी हे प्रश्न ९ मध्ये सांगितले आहे.

पुण्या-मुंबईत नव्याने स्पर्धा खेळू लागलेल्यांना माझे सांगणे असे की, खेळण्यासाठी इंग्रजी आणि जमवण्यासाठी जपानी ही विभागणी पहिल्या दिवसापासून ठेवावी. त्यामुळे पैसे वाया जात नाहीत आणि दोन्हींचा आनंद मिळतो.

१५. जपानहून बॉक्स मागवताना कोणती काळजी घ्यावी?

जपानमध्ये या संचांना इतकी मागणी असते की दुकाने अनेकदा सोडत काढून विक्री करतात, प्रत्येक ग्राहकाला किती पॅक द्यायचे यावर मर्यादा घालतात, आणि काही ठिकाणी फेरविक्री रोखण्यासाठी बॉक्सवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढूनच बॉक्स हाती देतात. त्यामुळे वेष्टन नसलेला प्रत्येक बॉक्स बनावट नसतो. मात्र वेष्टन नसलेला बॉक्स तिसऱ्या हातून घेताना कोणतीही खात्री उरत नाही. छापील किमतीपेक्षा खूप स्वस्त बॉक्स दिसला, तर तो घेऊ नये.

भारतात पार्सल आल्यावर सीमाशुल्क लागते आणि ते वस्तूच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून घेतले की शुल्क माफ होते, हा समज अजूनही ऐकू येतो. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेण्यात आली. विक्रेत्याला खोटी, कमी किंमत लिहायला सांगणे बेकायदा आहे, आणि पार्सल गहाळ झाल्यास भरपाईही त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळते.

१६. बनावट कार्ड कसे ओळखावे?

सुपर रेअर, स्पेशल आर्ट रेअर आणि सोनेरी कार्डांच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक कोरीव रेषा असतात. कार्ड दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवले, तर या रेषा चित्राच्या वळणांबरोबर जाताना दिसतात आणि नखाने हलकेच स्पर्श केल्यास जाणवतातही. बनावट कार्डावर पृष्ठभाग बहुधा सपाट असतो, किंवा चित्राशी संबंध नसलेली एकच एक नक्षी सगळीकडे छापलेली असते. त्यानंतर पाठीचा रंग खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून पाहावा, अक्षरांची जाडी तुलना करावी, आणि कोपऱ्यातला क्रमांक व दुर्मीळता यादीशी जुळते का ते तपासावे. यांपैकी एकट्या खुणेवर निर्णय देऊ नये. कार्ड वाकवून किंवा फाडून पाहण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते करू नयेत. खरे कार्ड असेल तर तेच हकनाक जाते.

१७. पावसाळ्यात चमकदार कार्डे वाकतात. काय करावे?

चमकदार कार्डात कागदाला धातूसारखा चकाकणारा पातळ थर चिकटवलेला असतो. हवेतील दमटपणाने कागद फुगतो, तो थर फुगत नाही, आणि म्हणून कार्ड धनुष्यासारखे वळते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे प्रमाणाबाहेर होते, आणि हाय क्लास पॅकमध्ये चमकदार कार्डेच जास्त असल्याने त्यांचे मालक सर्वाधिक हैराण होतात. कार्डे स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. वही वापरत असाल, तर ती आडवी ठेवावी आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. वाकलेले कार्ड कोरड्या डब्यात हलक्या वजनाखाली काही दिवस राहिले, तर पुष्कळदा सरळ होते. इस्त्री किंवा हेअर ड्रायर कधीही वापरू नये. उष्णतेने थर सुटतो आणि तो पुन्हा बसत नाही.

१८. १९९६ चा पहिलाच संच २०१६ मध्ये पुन्हा आला, असे वाचले. तेही पुनर्मुद्रणच ना? मग माझे १९९६ चे ‘चारिझार्ड’ आज वापरता येईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. पोकेमॉन कार्ड गेमचा पहिला संच जपानमध्ये २० ऑक्टोबर १९९६ रोजी आला आणि त्यात १०२ कार्डे होती. त्याला वीस वर्षे झाली म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये एक संच निघाला. इंग्रजीत तो ‘इव्होल्यूशन्स’ म्हणून ओळखला जातो. त्यातील अनेक चित्रे आणि मांडणी पहिल्या संचाची आठवण करून देतात, पण आकडे त्या काळच्या खेळाला जुळतील असे बदललेले आहेत. पहिल्या ‘चारिझार्ड’चे एचपी १२० होते, नव्याचे १५० आहेत, ‘पिकाचू’चे ४० होते, ते ६० झाले. प्रश्न १२ मधील कसोटी लावली, तर ही वेगळी कार्डे ठरतात आणि एकाच्या वैधतेमुळे दुसरे वैध होत नाही.

२०२१ च्या ‘सेलिब्रेशन्स’ या इंग्रजी संचातील ‘क्लासिक कलेक्शन’ची २५ कार्डे याच्या उलट आहेत. त्यांत जुना मजकूर आणि जुनी मांडणी जशीच्या तशी ठेवून फक्त पंचविसाव्या वर्धापनदिनाचे चिन्ह घातलेले आहे. छपाईच्या दृष्टीने ती खरी पुनर्मुद्रणे आहेत, तरीही स्टँडर्ड प्रकारात ती चालत नाहीत; ती संग्रहासाठीच काढलेली आहेत.

१९९६ च्या जपानी कार्डांना आणखी एक अडचण आहे. २००१ मध्ये जपानी कार्डांची पाठ बदलली, आणि जुन्या पाठीची कार्डे जपानमधील अधिकृत सामन्यांत वापरता येत नाहीत. तुमचे ‘चारिझार्ड’ जाड, कडक कव्हरमध्ये ठेवावे, प्रश्न १७ मधील काळजी घ्यावी आणि त्याला डेकमध्ये घालू नये.